आयोडीनवाल्या रणवरे मॅडम

आपल्याच आवाजाला घाबरलेलं माणूस मी आजवर एकदाच पाहिलं. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात रणवरे मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. समोर त्यांच्या भाच्याच्या हातातल्या फोनमधून त्यांचाच खणखणीत, वर्गात घुमणारा आवाज येत होता. आणि त्या दोन्ही हात पुढे करून, कुत्रं अंगावर यावं तशा, म्हणत होत्या, "बंद कर. बंद कर ते."

त्याआधीची सहा-सात वर्षं मी त्या आवाजाशेजारी बसून काढली होती. मॅडम आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. दोघंही इंदापुरात राहणारे आणि कॉलेज बारामतीच्या रस्त्याला. त्यामुळे माझ्या जुन्या गाडीतून रोजचं जाणं-येणं बरोबर. मॅडम पुढच्या सीटवर बसायच्या, मांडीवर जेवणाचा डबा, साडीखाली कॅनव्हासचे बूट. कधीतरी पायाच्या अंगठ्यावर ॲसिड सांडलं होतं, तेव्हापासून चपला सोडल्या त्या सोडल्याच. मुलीच्या लग्नातही पैठणीखाली तेच बूट. कोणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. अंगठा माझा आहे."

बोलणं नेहमी मोठ्यानं. प्रयोगशाळेतल्या पंख्यावर आवाज चढवून चढवून तीच सवय झाली असावी. रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्यालाही त्या उत्तर द्यायच्या. "कशावरून?" हा त्यांचा आवडता शब्द. कोणी म्हणालं, अमक्या खतानं डाळिंब फुटतंय, की "कशावरून?" कोणी म्हणालं, अमका साहेब पैसे खातो, तरी "कशावरून?" आणि दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घाबरायचं असेल तर नीट माहिती घेऊन घाबरा." हे वाक्य परीक्षेला घाबरणाऱ्या पोरांना, सापाला घाबरणाऱ्या शिपायाला आणि संस्थाचालकांना घाबरणाऱ्या प्राचार्यांना त्या सारख्याच सुरात ऐकवायच्या.

त्यांचे यजमान समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्ती घेऊन ते शेताकडे आले तेव्हा मॅडम इंदापूरला आल्या, पण लग्नानंतरची सगळी वर्षं त्यांनी त्या वसाहतीत काढलेली. तिथल्या अणुअपघाताच्या सरावाची गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. भोंगा वाजला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, सूचना ऐकायच्या आणि सांगितलं तरच गोळी घ्यायची. ती गोळी म्हणजे पोटॅशियम आयोडाइड. पहिल्याच सरावाला नव्या नवरीनं इतक्या तत्परतेनं दारं-खिडक्या लावल्या, की सासूबाई बाहेर गॅलरीत वाळवण राखत बसल्यात हेच ती विसरली. सराव संपेपर्यंत सासूबाई काच वाजवत होत्या आणि ही आतून खुणेनं सांगत होती, दार उघडायचं नाही, नियम आहे. "त्या दिवसापासून सासूबाई मला वचकून होत्या," असं म्हणून मॅडम इतक्या हसायच्या की डबा मांडीवरून घसरायचा.

शिकवण्याची त्यांची एक लकब होती. आधी अचाट काहीतरी सांगायचं आणि गप्प व्हायचं. टेबलावरची पाण्याची बाटली उचलायची, सावकाश झाकण उघडायचं, दोन घोट प्यायचे, वर्गावरून नजर फिरवायची. पोरांचे श्वास अडकलेले. मग बाटली खाली ठेवून, "पण..." आणि खरा धडा तिथून सुरू. पोटॅशियम आयोडाइडचं पाण्यासारखं द्रावण शिशाच्या तसल्याच द्रावणात ओतून त्या एकदम हळदीसारखा पिवळा साका पाडून दाखवायच्या. म्हणायच्या, "यातलं एक मीठ माणसाला वाचवतं, दुसरं मारतं. दिसायला दोन्ही सारखीच." मग बाटली, घोट, नजर. मी एकदा दारातून पाहिलं होतं, मागच्या बाकावरची वांड पोरंही तोंड उघडं टाकून बसली होती. कीर्तनकाराला जमतं ते मॅडमना जमायचं.

या लकबीचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. बावड्याला राहायचे, नाव हणमंतराव, पण सारा गाव आणि घरही त्यांना आबाच म्हणायचं. सात-आठ जर्सी गायी, डेअरीला दूध, थोडा ऊस. बहीण कुठंही बोलणार असली की आबा मोटारसायकलला पेरूची पिशवी अडकवून हजर. पहिल्या रांगेत बसायचे, फोन आडवा धरायचे आणि सबंध भाषण रेकॉर्ड करायचे. समजायचं किती कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सर, आमच्या घरात माईकवर बोलणारं पयलंच माणूस हाय हे. समजायचं काय त्यात? आयकायचं."

मॅडम कृतककोपानं म्हणायच्या, "आबा, हात खाली घे रे. मला बोलणं सुचत नाही."

"तुला? तुला सुचत न्हाय?" आबा शेजारच्याला कोपर मारून हसायचे.

बावड्याच्या शाळेत विज्ञान मेळावा होता, तेव्हा मीही गेलो होतो. सभागृह भरलेलं, पालक उभे. मॅडमनी विषय घेतला अणुअपघात झाला तर काय करायचं याचा. म्हणाल्या, "हवेत किरणोत्सारी आयोडीन सुटलं तर ते आपल्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं. मग काय करायचं? साधं आयोडीन आधीच पोटात घ्यायचं! ग्रंथी भरली, की विषारी आयोडीनला जागाच नाही. आणि आधी कोणाला? गरोदर बायांना. लहान लेकरांना. घरात एकच मात्रा असेल तर म्हाताऱ्यांनी मागं सरायचं आणि पोटुशी सून असेल तिला द्यायचं."

सभागृह चिडीचूप. मॅडमनी बाटली उचलली. झाकण उघडलं. दोन घोट घेतले. पहिल्या रांगेत आबा फोन धरून बसलेले, चेहरा फुललेला.

"पण," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास त्या त्या 'पण'वरच बोलल्या. हे आयोडीन म्हणजे जखमेवर लावायचं आयोडीन नव्हे, ते पोटात गेलं तर विष. गुरांचं औषध तर मुळीच नाही. मीठ खाऊन भागत नाही. गोळी वेगळी असते, ती शासन देतं, सांगितल्यावरच घ्यायची. ती फक्त गळ्यातल्या ग्रंथीला सांभाळते, बाकी अंगाला नाही. म्हणून सगळ्यात आधी घरात जाऊन दारं लावणं. आपल्या तालुक्याजवळ अणुभट्टी नाही, तेव्हा आज रात्री निवांत झोपा. लोक हसले. टाळ्या पडल्या. आबांनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

पुढं काही महिन्यांनी सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसरात्र तेच, आणि फोनवर त्याच्या दसपट. त्या दिवशी सकाळी कॉलेजात पोहोचलो तर पोरं घोळक्यानं उभी. कुणाला तरी निरोप आला होता, की पलीकडं अणूचा साठा फुटलाय, संध्याकाळपर्यंत विषारी वारा महाराष्ट्रात येणार. तास झालेच नाहीत. मॅडम वर्गावर्गात जाऊन ओरडत होत्या, "कशावरून? कोणी सांगितलं? कुठल्या खात्यानं?" प्राचार्यांनी पोरांना घरी सोडलं. आम्ही दोघं इंदापूरला निघालो, तर वाटेत प्रत्येक गावात औषधाच्या दुकानापुढं रांग. एका ठिकाणी मॅडमनी गाडी थांबवायला लावली. एक बाई तपकिरी बाटल्या पदरात घालून निघाली होती, जखमेचं आयोडीन.

"अहो, हे प्यायचं नसतं!" मॅडम काच खाली करून ओरडल्या. बाईनं वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बावड्याहून विकास, आबांचा मुलगा. पलीकडून काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मॅडम फक्त म्हणाल्या, "किती? किती प्यायले?" मग माझ्याकडं वळून, "सर, गाडी फिरवा. बारामतीला आणतायत."

आम्ही पोहोचलो तेव्हा आबा गेलेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, घसा आतून भाजून सुजला, श्वासाची वाट बंद झाली. गायीच्या सडाला आणि वासराच्या नाळेला लावायचं जहाल आयोडीन होतं, गोठ्यात ठेवलेलं. दुधात मिसळून घेतलं होतं, पण त्यानं काय होतंय. डॉक्टर तरुण होते, हादरलेले होते. म्हणाले, "पण हे प्यायला सांगितलं कोणी?"

विकासनं फोन काढला आणि एक व्हिडिओ लावला.

"...साधं आयोडीन आधीच पोटात घ्यायचं! ...गरोदर बायांना. लहान लेकरांना. ...म्हाताऱ्यांनी मागं सरायचं आणि पोटुशी सून असेल तिला द्यायचं."

मग बाटलीचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज, आणि संपलं. लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. स्टेटसला ठेवलेला व्हिडिओ तसाच तुकड्यात येतो. आबांनी बहिणीच्या कौतुकानं मेळाव्याच्या दिवशी तो स्टेटसला ठेवला होता, मोठा बसेना म्हणून मागचा भाग कापून. तेव्हा कोणीतरी तो ठेवून घेतला. अफवा उठली त्या सकाळी तोच तुकडा या गटातून त्या गटात फिरत बावड्याला आबांकडंच परत आला होता. आपणच कापलेलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बहीण सांगतीय, एवढंच त्यांना दिसलं.

"बंद कर ते," मॅडम म्हणत होत्या.

विकासनं बंद केलं. तो रडत नव्हता. कोरड्या आवाजात म्हणाला, "प्रणालीसाठी केलं व्हतं सगळं. सातवा महिना हाय तिला. तिचा पेला भरून ठेवला व्हता. आबा म्हनले, थांबा, आदी मी घेतो. मला काय झालं न्हाय तर पोरीला द्या."

त्याची बायको प्रणाली व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. मॅडम तिच्याकडं दोन पावलं गेल्या. तिनं तोंड फिरवलं.

मी मॅडमना धरून खुर्चीवर बसवलं. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. डोळे उघडे, पण कोणाकडंही बघत नव्हते. मग त्यांनी मला विचारलं, "सर, मी त्यानंतर बोलले होते ना? तुम्ही होतात. बोलले होते ना मी पुढचं?"

"बोलला होतात, मॅडम. सगळं."

"मग ते कुठं गेलं?"



अंत्यविधी नरसिंहपूरला संगमावर झाला. तेराव्याला मॅडम बावड्याला गेल्या, तेव्हा मीच गाडी घेऊन गेलो होतो. विकास दारात आला. लहानपणापासून जिच्या अंगाखांद्यावर खेळला, जिला अगं-तुगं करायचा, तिला तो म्हणाला, "आत्या, तुमी आता इकडं येऊ नका." त्या एका 'तुमी'नं मॅडम उंबऱ्यात थिजल्या. पायरीवर पेरूंची टोपली ठेवली आणि मागं फिरल्या.

गाडीत बसल्यावर त्या आवाज न चढवता बोलल्या. असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"सर, मी तिथं थांबले कशाला?"

"पाणी प्यायला, मॅडम."

"तहान नव्हती लागली मला," त्या म्हणाल्या. "तोंडं बघायला थांबले होते. लोकांची, आबाची. मला आवडायचं ते."

पुढं कितीतरी आठवडे त्या वर्गात पुस्तक उघडून बसायच्या आणि पोरांना वाचायला सांगायच्या. गाडीत रेडिओ लावला तर बंद करायच्या. लोक मात्र त्यांना ओळखायला लागले होते. तो तुकडा जिथं जिथं पोहोचला होता, तिथं त्यांचं नाव पडलं होतं 'आयोडीनवाल्या मॅडम'. एसटी स्टँडवर कोणी बोट दाखवायचं, कोणी कुजबुजायचं. माझ्या गाडीच्या काचेतून मला दिसायचं, म्हणजे त्यांनाही दिसत असणारच.

मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, "सर, उद्या सुप्याला येता का? बाजार असला-नसला तरी माणसं असतात."

प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, मॅडम, आता त्या विषयावर जाहीर बोलू नका, कॉलेजचं नाव येतं. मी आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "कॉलेजचं येत नाही. माझंच येतं. तेच यायला हवं."

सुप्याला एका मंदिराच्या ओट्यावर आठ-दहा बायका आणि दोन म्हातारे, एवढेच श्रोते. मॅडमनी फोनवर तो तुकडा स्वतः लावला. तो संपल्यावर म्हणाल्या, "हे मी बोलले. पुढचं यात नाही, ते आता सांगते." आणि सांगितलं. थांबल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत, एका दमात. ते पिऊन गेला तो माझा भाऊ, हेही सांगितलं. व्हिडिओ कोणी काढला, कोणी कापला, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते त्यांनी कुठंच, कधीच काढलं नाही. मी एकदा सुचवलं, लोकांना कळू द्या की चूक तुमची नव्हती. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी रस्त्याकडं बघायला लागलो.

त्या दिवशी ओट्यावरची एक बाई उठली. कडेवर वर्षाचं लेकरू. म्हणाली, "बाई, आमी दिलं व्हतं."

"काय दिलं होतं?"

"हिच्या दुधात. दोन थेंब. सासूबाईंनी दिलं, मी बाटली धरली. तुमचं बोलणं आयकूनच."

मॅडम मटकन खाली बसल्या. ओट्याच्या कडेला, धुळीत. मला वाटलं, संपलं. त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तीही समोर बसली. म्हणाली, "वकलं तिनं समदं. काय झालं न्हाय. बगा की."

मॅडमनी हात पुढे केले. बाईनं लेकरू दिलं. मॅडमनी त्याचा गळा बोटानं चाचपला, तोंड उघडून आत पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. लेकरानं त्यांचा चष्मा ओढला. मग त्यांना रडू फुटलं. आबा गेल्यापासूनचं ते पहिलं रडणं होतं.

तिथून पुढं रविवार असला की आम्ही निघायचो. इंदापूर तालुक्यातली गावं झाली, बारामतीकडची झाली. कुठं लोकांनी ऐकलं, कुठं हुसकून लावलं. एका गावात एक जण म्हणाला, "आदी मारायचं आन मग शानपन शिकवायचं?" मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण घरात ती बाटली असेल तर लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा." आणि पुढच्या गावाला.

बावड्याला मात्र त्या गेल्या नाहीत. प्रणालीला मुलगी झाल्याचं त्यांना दुसऱ्याच कोणाकडून कळलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप, एवढंच.

माझी बदली झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. बदलीच्या गावी गेल्यावर आमची भेट राहिलीच, त्यामुळे डोळ्यांपुढं येतं ते हेच. शासनानं नागरी संरक्षणाचा सराव ठरवला होता. दुपारी भोंगा वाजणार, घाबरू नका, असं दवंडीसारखं सगळीकडं सांगितलेलं. तरी भोंगा वाजला तशी गावंच्या गावं हबकली. आम्ही स्टाफरूममध्ये बसलो होतो. मॅडमचा फोन वाजायला लागला. एक झाला की दुसरा. सुप्याची ती बाई, कुठला तरी सरपंच, कोणी अनोळखी म्हातारा. सगळ्यांचं एकच, "मॅडम, घ्यायचं का?" आणि मॅडम उभ्या राहून प्रत्येकाला, "नाही. काही घ्यायचं नाही. सराव आहे. आता वाजायचा थांबेल."

मग एक फोन आला आणि त्या नाव बघून तशाच उभ्या राहिल्या. तो वाजून बंद होईल असं वाटलं तेव्हा उचलला. पलीकडचा आवाज मोठा होता, घाबरा होता, मला स्पष्ट ऐकू आला.

"आत्या, अगं भोंगा वाजतोय. प्रणाली इचारतीय, बाळाला काय द्यायचं का? तू सांग."

मॅडमनी दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली.

"न्हाय रं सोन्या," त्या म्हणाल्या. "काय द्यायचं न्हाय. सराव हाय नुसता. तिला घेऊन घरात बसा. दूध पाज म्हनावं. भिऊ नगा."

विकास काहीतरी बोलला. मॅडम ऐकत राहिल्या. मग विचारलं, "नाव काय ठिवलंस रं तिचं?"

"ईश्वरी."

बाहेरचा भोंगा केव्हाच थांबला होता. स्टाफरूममध्ये पंख्याची घरघर तेवढी होती, आणि ते नाव मला टेबलापलीकडं नीट ऐकू आलं होतं. मॅडमनी फोन कानाशी घट्ट दाबला, डोळे मिटले.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "आयकू न्हाय आलं."